‘काचेपेक्षा अडीचशे पट मजबूत’ : एका विधानाची तपासणी

शर्यतीच्या बंद मार्गावर पळवण्यासाठी एखादी मोटारगाडी तयार करायची, तर तिचे वजन उतरवणे हे पहिले काम असते. मागची आसने, गालिचे, दारांची आतली अस्तरे निघतात आणि मग पाळी येते खिडक्यांच्या काचांची. त्या काढून त्यांच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकचे पत्रे बसवणे ही युरोप-अमेरिकेतली जुनी रीत आहे. पोर्शे कंपनीने १९६७ साली ‘९११ आर’ ही सुमारे ८०० किलो वजनाची गाडी मोजक्या संख्येने बांधली, तेव्हा तिच्या बाजूच्या खिडक्या प्लॅस्टिकच्याच होत्या. आज या कामासाठी बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट वापरतात. जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स या दोन रसायनशास्त्रज्ञांना हे प्लॅस्टिक १९५३ या एकाच वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे गवसले.

या पत्र्यांची जी माहितीपत्रके निघतात, आणि स्वतःच्या हाताने गाडी बांधणाऱ्या हौशी मंडळींसाठी जी मार्गदर्शक टिपणे लिहिली जातात, त्यांत तीन गोष्टी हमखास सांगितलेल्या असतात. एक, पॉलिकार्बोनेट काचेपेक्षा अडीचशे पट मजबूत आहे. दोन, त्याचे वजन काचेच्या निम्मे आहे. तीन, जुन्या काचेच्या मापाचा पत्रा कापा, कडेने भोके पाडा आणि स्क्रूने घट्ट आवळून टाका. पहिली दोन विधाने खोटी नाहीत. तरीही त्यांच्या भरवशावर तिसरे काम केले, तर खिडकी वेगात फडफडते, आत दबते किंवा भोकाभोवती तडकते. खऱ्या विधानांवरून चुकीचा निष्कर्ष कसा निघतो, हे तपासण्यासाठी हा लेख आहे. विषय मोटारींचा असला तरी दोष आपल्या वर्गातलाही आहे. पदार्थांचे गुणधर्म शिकवताना आपणही ‘मजबूत’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या अर्थांनी वापरतो.

एक शब्द, चार गुणधर्म

मराठीत या चार गुणधर्मांसाठी चार साधे शब्द आहेत : बळकट, ताठ, कठीण आणि चिवट. पदार्थ तुटेपर्यंत किंवा कायमचा ताणला जाईपर्यंत किती प्रतिबल सोसतो, ही त्याची बळकटी. ठरावीक बलाखाली तो किती कमी वाकतो, हा त्याचा ताठपणा; तो यंगच्या गुणांकाने मोजतात. पृष्ठभागावर ओरखडा किती सहज उठतो, यावरून कठीणपणा कळतो. आणि आघात झाल्यावर मोडण्यापूर्वी पदार्थ किती ऊर्जा गिळतो, हा चिवटपणा.

‘अडीचशे पट’ हा आकडा फक्त चौथ्या गुणधर्माचा आहे. पत्र्यावर वजन टाकून किंवा हातोड्यासारख्या लोलकाने घाव घालून केलेल्या चाचणीत, त्याच जाडीची साधी काच जेवढ्या ऊर्जेने फुटते, त्याच्या शेकडो पट ऊर्जा पॉलिकार्बोनेट पचवते. त्याचे लांबलचक रेणू घाव बसताच एकमेकांवरून सरकतात, पत्रा दबतो, वाकतो, पण फुटत नाही. हा गुण अस्सल आहे. चांद्रमोहिमांतील अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमट याच प्लॅस्टिकचा होता, तो या गुणामुळेच. चाकाखालून उडालेला खडा खिडकीवर आदळला, तर काचेपेक्षा पॉलिकार्बोनेटच्या मागे बसलेले बरे, याबद्दल दुमत नाही.

पण बाकीच्या तीन कसोट्या पाहा. बळकटीत पॉलिकार्बोनेट सुमारे ६० ते ६५ मेगापास्कलपर्यंत टिकते. मोटारीच्या बाजूच्या खिडकीत असते ती टफन्ड, म्हणजे तापवून झपाट्याने थंड केलेली काच. ती वाकवून मोडण्याच्या चाचणीत १०० मेगापास्कलच्या पुढे जाते. म्हणजे येथे प्लॅस्टिक मागेच आहे. कठीणपणात तर तुलनाच नको. धुळीने माखलेले फडके जोराने फिरवले की पॉलिकार्बोनेटवर ओरखडे उठतात. म्हणूनच चांगल्या पत्र्यांवर कठीण लेप चढवलेला असतो. आणि ताठपणा? काचेचा यंगचा गुणांक सुमारे ७० गिगापास्कल, पॉलिकार्बोनेटचा सुमारे २.३५. म्हणजे काच ३० पट ताठ. ‘अडीचशे पट’ छापणाऱ्या पत्रकात हा ३० चा आकडा क्वचितच असतो. आणि गाडी वेगात असताना खिडकीपुढे प्रश्न उभा राहतो तो मुख्यतः ताठपणाचा.

वारा किती रेटतो?

हवेचा गतिज दाब काढण्याचे सूत्र अकरावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे : हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ५५.६ मीटर. हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली, तर दाब येतो सुमारे १,८५० पास्कल. वेग निम्मा केला तर तो चौथाईवर, सुमारे ४६० पास्कलवर येतो. गावातल्या रस्त्यावर ठीक वाटणारी खिडकी शर्यतीच्या मार्गावर का कुरकुरते, याचे उत्तर या वेगाच्या वर्गात आहे.

खिडकीच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबांत याच्या निम्मा, म्हणजे ९०० पास्कलचा फरक पडला असे समजू. खिडकी अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, सपाट आणि चारी कडांना नुसती टेकलेली आहे. एकूण बल सुमारे २२५ न्यूटन, म्हणजे २३ किलो वजनाएवढे. अशा पट्टाच्या मध्याचे वाकणे दाबाच्या प्रमाणात, बाजूच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात, आणि यंगचा गुणांक व जाडीचा घन यांच्या व्यस्त प्रमाणात असते. आकडे घातले तर ४ मि.मी. जाडीची काच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाकते आणि तेवढ्याच जाडीचे पॉलिकार्बोनेट १६ ते १७ मि.मी. प्रत्यक्षात पत्रा इतका वाकू लागला की तो ताणला जाऊन काहीसा आवरला जातो, म्हणून मोजमाप याहून कमी भरेल. पण काच जिथे हलल्याचे कळतही नाही, तिथे प्लॅस्टिकच्या पोटाला बोटभर फुगवटा येऊ शकतो. वजन आणखी वाचवायचे म्हणून ३ मि.मी.चा पत्रा घेतला, तर जाडीच्या घनामुळे वाकण्याची प्रवृत्ती आणखी सुमारे २.४ पट वाढते.

दाबाची दिशाही गृहीत धरून चालत नाही. बाजूच्या खिडकीवरून हवा वेगाने सरकते, तेथे बाहेरचा दाब उतरतो आणि पत्रा बाहेर ओढला जातो. मागच्या खिडकीच्या पुढे शेपटीवर उभी पट्टी, म्हणजे स्पॉयलर, लावलेली असेल, तर तिच्यापुढे हवा तुंबते, दाब वाढतो आणि पत्रा आत रेटला जातो. शिवाय वारा एकसारखा वाहत नाही. पुढची गाडी ओलांडताना दाब क्षणोक्षणी बदलतो आणि पत्रा फडफडतो. प्रत्येक फडफडीचा हिशेब शेवटी कडेच्या भोकांना चुकवावा लागतो.

लास वेगासची दबलेली खिडकी

हे केवळ कागदावरचे गणित नाही. अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या नियमानुसार मागच्या खिडकीला आतून आधार असावे लागतात आणि त्या आधारांनी खिडकी सर्व दिशांनी, सर्व वेळ ताठ धरून ठेवावी लागते. मार्च २०१८ मध्ये लास वेगासच्या शर्यतीत केव्हिन हार्विक पहिला आला. मात्र त्याच्या गाडीची मागची खिडकी छपराजवळ आत दबलेली छायाचित्रांत दिसली. तपासणीनंतर विजय कायम ठेवला गेला, पण खिडकीच्या आधारासह नियमभंग ठरल्याने त्याचे गुण कापले गेले आणि त्याच्या पथकाच्या प्रमुखाला ५०,००० डॉलर दंड झाला.

खिडकी दबली तर एवढा गहजब का? कारण छपरावरून येणारी हवा मागच्या स्पॉयलरवर कशी पडते, हे त्या खिडकीच्या आकारावर अवलंबून असते. खिडकी थोडी खाली बसली की तो प्रवाह बदलतो आणि गाडीचे मागचे चाक जमिनीला किती दाबले जाते, यात फरक पडू शकतो. म्हणजे ‘अडीचशे पट मजबूत’ पत्र्याची खिडकी न फुटता, न तडकता नियम मोडू शकते. चिवटपणात उत्तीर्ण आणि ताठपणात अनुत्तीर्ण, असे हे प्रगतिपुस्तक आहे. वर्गात सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

जाड पत्रा हे उत्तर नव्हे

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे पत्रा जाड घ्यावा. येथे दुसऱ्या विधानाची, म्हणजे ‘निम्म्या वजनाची’, परीक्षा होते. काचेची घनता घन सेंटिमीटरला २.५ ग्रॅम, पॉलिकार्बोनेटची १.२. समान जाडीला वजन निम्म्याहून किंचित कमी, हे खरे. पण समान ताठपणा हवा असेल तर? ३० चे घनमूळ सुमारे ३.१. म्हणून ४ मि.मी. काचेइतका ताठपणा येण्यासाठी सुमारे १२.४ मि.मी. जाडीचे पॉलिकार्बोनेट लागेल. एक चौरस मीटर काचेचे वजन १० किलो, आणि या जाड पत्र्याचे जवळजवळ १५ किलो! ज्यासाठी हा खटाटोप मांडला, ते वजन कमी व्हायच्या ऐवजी दीडपट झाले.

तेव्हा ‘हलके’ हा शब्दही अर्धवट आहे. कशाच्या तुलनेत हलके आणि कोणती अट समान ठेवून हलके, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. समान जाडीला प्लॅस्टिक हलके, समान ताठपणाच्या सपाट पत्र्याला काच हलकी. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

वजन खरोखर किती वाचते, हेही तपासू. पुढची काच सोडून एखाद्या लहान गाडीत दीड चौरस मीटर काच आहे असे समजा. ४ मि.मी. काचेचे १५ किलो जाऊन त्याच जाडीच्या प्लॅस्टिकचे सव्वासात किलो आले, म्हणजे पावणेआठ किलो वाचले. ९०० किलोच्या गाडीत हे एक टक्क्याहून कमी. खिडकी वरखाली करणारी यंत्रणा काढता आली तर आणखी काही किलो सुटतात. वाचलेले हे वजन गाडीच्या वरच्या भागातले असल्याने गुरुत्वमध्य किंचित खाली येतो, हा फायदा किलोंच्या आकड्यात दिसत नाही. फायदा आहे, पण तो काळजीपूर्वक मिळवावा लागतो.

आकार आणि आधार

ताठपणा जाडीतून येतो तसा आकारातूनही येतो. कोरा कागद एका कडेला धरला तर तो मान टाकतो. त्याच कागदाला पन्हळीसारखा बाक दिला तर टोकावर पेन्सिल तोलून धरतो. गाडीच्या मूळ काचेला वक्रता असते. हौशी कारागीर तिच्या जागी सपाट कापलेला पत्रा लावतो, तेव्हा पदार्थाचा ताठपणा तर कमी होतोच, शिवाय आकाराचाही जातो. याकडे मार्गदर्शक टिपणांचे दुर्लक्ष होते, ही आमची मोठी तक्रार आहे.

लेप नसलेला पॉलिकार्बोनेटचा पत्रा न तापवता चौकटीच्या बाकावर बसवता येतो, मात्र वक्रतेची त्रिज्या जाडीच्या निदान १०० पट हवी. ४ मि.मी. पत्र्याला ४० सेंटिमीटर. या मर्यादेवर पत्र्याच्या पृष्ठभागाची विकृती अर्धा टक्का, म्हणून प्रतिबल सुमारे १२ मेगापास्कल येते. बळकटीच्या एकपंचमांश एवढा हा ताण त्या पत्र्यात कायमचा राहतो.

दुसरा मार्ग मधल्या आधाराचा. वाकणे लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्याने वरच्या अर्ध्या मीटरच्या खिडकीला मधोमध एक ताठ उभी पट्टी दिली, की प्रत्येक अर्ध्या भागाचे वाकणे १६-१७ वरून अडीच मिलिमीटरच्या आसपास येते; म्हणजे जवळपास एकषष्ठांश. पाव किलोच्या पट्टीने जे साधते ते कित्येक किलो जाडीने साधत नाही. अर्थात ती पट्टी स्वतः ताठ हवी. चपटी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवली तर ती पत्र्याबरोबर वाकेल. काटकोनी अँगल वाकणार नाही. आणि दाब दोन्ही दिशांनी येऊ शकतो म्हणून पट्टी नुसती टेकवून भागत नाही, ती पत्र्याशी जोडलेली हवी.

घट्ट आवळू नका

आता तिसरे विधान. तापमान एका अंशाने वाढले की पॉलिकार्बोनेटचा एक मीटर सुमारे ०.०६८ मि.मी. वाढतो, पोलादाचा ०.०१२. मागची खिडकी १.२ मीटर रुंद आहे आणि पहाटे व भर उन्हात ४० अंशांचा फरक पडतो, असे धरा. पत्रा सव्वातीन मिलिमीटर वाढेल, चौकट अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर. उरलेल्या पावणेतीन मिलिमीटरनी जायचे कुठे? स्क्रू घट्ट आवळलेले असतील तर एक तर पत्रा फुगतो, किंवा थंडीत आकसताना प्रत्येक भोकाची कड ओढली जाते.

म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठे हवे, रुंद वॉशर आणि त्याखाली मऊ रबर हवे, आणि पत्रा जागच्या जागी थोडा सरकेल इतपतच आवळणी हवी. शंकूच्या डोक्याचा स्क्रू टाळावा. तो पाचरीसारखा घुसून भोक फाकवतो. भोकाची आणि कापलेली कड पॉलिशपेपरने गुळगुळीत करावी, कारण प्रत्येक खाचेच्या टोकाशी प्रतिबल एकवटते. अ‍ॅल्युमिनियमच्या आधारपट्टीलाही हाच न्याय : तिचे प्रसरण प्लॅस्टिकच्या एकतृतीयांश, म्हणून तिच्यातली भोके लांबट ठेवावीत.

यात रसायनशास्त्राचाही भाग आहे. ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला काही द्रव लागले की त्यात बारीक तडे पसरतात. अ‍ॅसिटोन त्यांपैकीच, आणि स्क्रू सैल पडू नये म्हणून आट्यांना लावतात तो चिकट द्रवही. आवळलेला स्क्रू, खडबडीत भोक आणि वर हा द्रव, असे तिन्ही जमले की कोणत्याही खड्याविना तडा जातो. मग कारागीर म्हणतो, प्लॅस्टिक हलक्या प्रतीचे निघाले. दोष बहुधा प्लॅस्टिकचा नसतो.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. अपघातानंतर टफन्ड काच टोकदार हातोडीच्या एका घावाने दाणेदार चुरा होऊन पडते आणि अडकलेल्या माणसाला बाहेर काढता येते. चिवट पॉलिकार्बोनेट असे फुटत नाही. खड्यापासून वाचवणारा गुणच सुटकेच्या आड येतो. म्हणून खिडकी आतून आणि बाहेरून झटकन काढता यावी, अशी तिची जोडणी असायला हवी. नॅसकारमध्ये तर चालकाच्या बाजूला पत्र्याऐवजी सोडता येणारी जाळी असते. ‘अडीचशे पट’ या आकड्याचा अभिमान बाळगणाऱ्या पत्रकांत या बाजूचा उल्लेख ठळकपणे यायला हवा. बहुधा तो येत नाही. हे सारे बंद मार्गावरील गाड्यांबद्दल आहे. रस्त्यावरच्या गाडीच्या काचांना कायद्याचे वेगळे नियम लागू होतात, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

वर्गासाठी

या विषयावर दोन प्रयोग सहज होण्यासारखे आहेत. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या फूटपट्ट्या घ्या. दोन पुस्तकांवर एक पट्टी टेकवून मध्यावर ठरावीक वजन टांगा आणि ती किती वाकते ते मोजा. मग दोन पट्ट्या एकमेकींवर नुसत्या ठेवून मोजा. वाकणे निम्मे येईल. त्याच दोन पट्ट्या पूर्ण लांबीभर पक्क्या चिकटवून मोजा. वाकणे एकअष्टमांशाच्या जवळ येईल. पदार्थ तोच, वजनही तेच, तरी ताठपणा चौपट. जाडीचा घन म्हणजे काय, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा असे दाखवावे. दुसरा प्रयोग : एकच पट्टी, तेच वजन, पण पुस्तकांमधले अंतर निम्मे. येथे वजन एकाच बिंदूवर असल्याने वाकणे अंतराच्या घनाप्रमाणे, म्हणजे एकअष्टमांश होते. मधला आधार इतका गुणकारी का, हे त्यातून कळते.

त्यानंतर विद्यार्थ्यांना जाहिरातींतली अशी पाच वाक्ये गोळा करायला सांगावे, ज्यांत ‘मजबूत’ किंवा ‘हलके’ हा शब्द आहे. पाण्याच्या टाकीची, छपराच्या पत्र्याची, शाळेच्या दप्तराची, कशाचीही चालतील. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारायचे : चारपैकी कोणता गुणधर्म? तुलना कोणाशी? आणि कोणती गोष्ट समान ठेवून? पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांनाही हेच प्रश्न लावावेत. काही वाक्ये टिकतील, काही टिकणार नाहीत. न टिकणाऱ्या वाक्यांची यादी आणि ती कशी दुरुस्त करता येतील, हे विद्यार्थ्यांकडूनच वहीत लिहून घ्यावे.